पाच काड्या, एक कुपी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. विडीवाल्या बायका अडाणी आहेत, नाकात काडी घालायला भितात, चाचणीचं नाव काढलं की दाराला कडी घालतात, असं तुम्ही पेपरात छापून आणलंत. सोबत तुमचा फोटो. हात कमरेवर, मास्क हनुवटीवर. भ्यालं कोण होतं आणि कशाला, ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तरी तुम्ही तसं बोललात. म्हणून आज इतक्या वर्षांनी मी, भूदेवी येमूल, शिक्षण सातवी नापास, हे लिहायला बसले आहे.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. सोलापुरात आमचं घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत, त्यात आमची ओळ, ओळीत विड्या वळणाऱ्या आम्ही दहा जणी. राजव्वा अक्का चिलवेरी आमच्यात सगळ्यात मोठी. साठी उलटलेली, त्यातली पंचेचाळीस वर्षं विडी वळण्यात गेलेली. त्या सकाळी ती ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर पानाचं सूप नव्हतं. मेडिकलमधून आणलेलं एक पांढरं खोकं होतं. घरी चाचणी करायचं किट.

"वाच," ती मला म्हणाली. "काय काय लिहिलंय ते सगळं वाच. मधलं गाळू नकोस."

मी वाचलं. काडी नाकात फिरवायची, कुपीतल्या पाण्यात बुडवून घोळायची, त्या पाण्याचे थेंब पट्टीवर सोडायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर रोग नाही. दोन आल्या तर आहे.

हे किट आमच्यावर आदळलं होतं ते महापालिकेचे अधिकारी म्हणून तुम्ही काढलेल्या हुकमानं. दीड महिना कारखाना बंद होता. उघडला तेव्हा तुम्ही फर्मान काढलंत, की दर सोमवारी जी बाई एका रेघेची पट्टी दाखवील तिलाच ब्रँचमधून, म्हणजे कारखान्याच्या माल देण्याघेण्याच्या खिडकीतून, आठवड्याची पानं आणि तंबाखू मिळेल. सरकारी केंद्रावर चाचणी फुकट होती, ते खरं. पण केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, बस बंद, उन्हात चार तासांची रांग आणि निकाल पाचव्या दिवशी. पाच दिवसांपूर्वीचं नाक सोमवारी चालत नव्हतं. मेडिकलमधलं किट अडीचशेला. मान मोडून दिवसभर विड्या वळल्या तरी तेवढे हातात येत नाहीत. म्हणजे आठवड्याचा एक दिवस बाईनं राबायचं ते फक्त आपण धडधाकट आहोत हे दाखवायला. माझा नवरा नागेश टॉवेलच्या मागावर होता, माग बंद पडलेले. घरात पाच तोंडं आणि चालू हात माझे दोनच.

अक्कानं कुपी उन्हाला धरून बघितली. मग तिनं मला विचारलं की ब्रँचमध्ये चेकर काय करतो.

मी म्हटलं, विड्या तपासतो. आणखी काय करणार.

"कशा तपासतो? एकेक बघतो होय?"

आता विडीचं हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. बाई सातशे-आठशे विड्या घेऊन खिडकीशी जाते. चेकर एकेक विडी बघत बसला तर त्याची पुण्यतिथी तिथंच होईल. तो मूठभर उचलतो. मुठीत कच्ची विडी निघाली नाही तर सगळा माल पुढं ढकलतो. निघाली, तरच सूप उलटतो आणि विडी विडी चाळून छाट काढतो. छाट म्हणजे नापास माल. त्याचे पैसे नाहीत.

"मग," अक्का म्हणाली, "पाचजणींच्या काड्या ह्या एकाच पाण्यात घोळल्या तर? पाण्यानं नाही म्हटलं म्हणजे पाचीजणी नाही. हो म्हटलं तर मग बसू की निवडत. चेकर तर मुठीवर भागवतो. इथं तर सगळ्याजणी मुठीत आहेत."

सुवर्णा सामल शेजारच्या दारात केस विंचरत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, अजून नाही. ती म्हणाली, अक्का, पाचजणींचा शेंबूड एका वाटीत, सत्यनारायणाचा प्रसादच करून टाक. आम्ही हसलो. अक्का हसली नाही. तिनं मला उठवलं आणि मेडिकलवाल्या हिरेमठांकडं पाठवलं, विचारून ये म्हणून.

हिरेमठ आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढला, कागदावर काहीतरी मांडलं आणि मला थांबायला सांगितलं. दहा नकोत, म्हणाले, कापूसच सगळं पाणी पिऊन टाकील. पाच चालतील. खोक्यावर असं लिहिलेलं नाही, कंपनी हे मानणार नाही, आणि एखादीला नुकतीच लागण असेल तर ती हुकेलही. हे सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर बंद पाकिटातल्या वेगळ्या काड्या त्यांनी चहाच्या भावात दिल्या, आणि एकीची काडी दुसरीच्या नाकात गेली तर मी तुम्हाला दुकानाची पायरी चढू देणार नाही, असा दमही भरला.

मी येऊन अक्काला सांगितलं की हुकू शकतं.

"आता तर कुणाचंच काही बघत नाही, मग सगळंच हुकतंय की," ती म्हणाली.

पहिल्या सोमवारी पाच-पाचच्या दोन टोळ्या झाल्या. दोन किटं, आणि दोन रेघा उठल्याच तर निवडायला म्हणून एक जादा. आणणारी मी, थेंब सोडणारी अक्का. दोन्ही पट्ट्यांवर एकेक रेघ आली. पट्ट्या घेऊन आम्ही ब्रँचच्या खिडकीशी गेलो. आत वडनाल मास्तर. वीस वर्षं आमचा माल तपासणारा माणूस. त्यानं काढलेल्या छाटावर आमच्या किती शिव्या आहेत ते देवाला ठाऊक. दहा बायका आणि दोन पट्ट्या बघून तो म्हणाला, एका बाईला एक पट्टी, बाकीच्या घरी जावा.

अक्का खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. "मास्तर, परवापरवापर्यंत माझ्या सातशे विड्या तुम्ही एका मुठीवर पास केल्या. मी कधी म्हटलं का, एकेक बघून खात्री करा?"

मास्तर पट्टीकडं बघत बसला. मग वहीत पाच नावं एका कंसात घातली आणि पुढच्या पाचांना हाक मारली. पानाची गड्डी सरकवताना एवढंच म्हणाला की राजव्वा, तुम्ही माझ्या खुर्चीत बसायला पाहिजे होतं. अक्का म्हणाली, बसले असते तर इतका छाट निघाला नसता.

दुसरा सोमवारही असाच पार पडला.

तिसऱ्या सोमवारी मी पहाटे उठले, तोंड धुतलं आणि कामाला बसायचं म्हणून तंबाखूचा डबा उघडला. तंबाखूचा वास आमच्या अंगाला जन्माचा चिकटलेला असतो. लग्नाच्या रात्री नवऱ्यालाही आधी तोच येतो. डबा उघडला की नाकात झणका बसतो, डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी काही आलं नाही. मी डब्यात तोंड घातलं. मातीचं ढेकूळ हुंगावं तसं झालं.

मला कळलं. अंगात कणकण दोन दिवस होतीच, ती मी उन्हावर ढकलली होती. मी डबा बंद केला आणि कुणाला काही बोलले नाही. घरात पिठाच्या डब्याचा तळ दिसत होता. पंधरा दिवस पानं मिळाली नाहीत तर खायचं काय, हा एकच विचार. माझ्यासोबतच्या चौघींचं काय होईल हा विचार आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला. मी तो बाजूला सारला.

सात वाजता अक्काच्या ओट्यावर आमची टोळी जमली. अक्का, मी, सुवर्णा, आणि पलीकडच्या अंबूबाई आणि यादम्मा या दोघी जावा. पहिल्या पाचजणी एक रेघ घेऊन घरी गेल्या होत्या. मी सगळ्यात लांब, पायरीच्या कडेला बसले. माझी पाळी आली तेव्हा मी काडी नाकाशी नेली, बोटांत दोनदा फिरवली आणि काढली. आत गेलीच नाही. वरच्यावर, केसांना लागली असेल नसेल. हात इतका सफाईनं फिरला की समोर बसलेल्या सुवर्णालाही कळलं नाही. विडीवाल्या बाईची बोटं आहेत. दिवसाला आठशे वेळा वळतात.

मी काडी कुपीकडं नेली. अक्कानं कुपीच्या तोंडावर हात ठेवला.

"भूदेवी, ही कच्ची राहिली."

ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या बोटांकडं बघत होती. पंचेचाळीस वर्षं ती दुसऱ्यांची बोटंच बघत आली होती. कोणती पोरगी पान कमी भरते, कोण सूत सैल सोडते, हे तिला लांबून कळायचं.

मी म्हटलं, घातली की अक्का.

"मग परत घाल."

सगळ्या थांबल्या. मी काडी हातात धरून बसले. मग माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं. वास येत नाही, म्हटलं. सकाळपासून. तंबाखूचा पण नाही.

मी थोबाडीत बसेल म्हणून मान आत घेतली होती. सुवर्णाच्या घरी दम्याची सासू होती, ती मला फाडून खायला मोकळी होती. अक्कानं फक्त नवीन काडी फोडून पायरीवरून माझ्याकडं सरकवली. या वेळी मी ती खोलवर फिरवली. डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळं काडीमुळं होतं असं मी तेव्हा म्हटलं.

थेंब पट्टीवर पडले. पहिली रेघ आली. दुसरी आधी धूसर, मग लाल.

आणि नेमकी तेव्हा, साहेब, तुमची पांढरी गाडी ओळीच्या तोंडाशी थांबली.

तुम्ही जागृती करायला आला होतात. सोबत फोटोवाला, दोन कारकून, हातात घोषणांचे फलक. आमच्या ओट्यावर पाच काड्या आणि एकच कुपी बघून तुम्ही तिथंच थबकलात. हे काय चाललंय, विचारलंत. अक्कानं सांगितलं, होतं तसं सगळं. मेडिकलवाल्यांनी काय सांगितलं तेही, हुकू शकतं हेही. तुम्ही पुरतं ऐकून घेतलं नाहीत. हा पोरखेळ आहे, हा गुन्हा आहे, तुम्हा लोकांना अक्कल कधी येणार, असं बोलत राहिलात. किटवर स्पष्ट लिहिलंय, म्हणालात, एका माणसाला एक.

"मग एका माणसाला एक द्या की," अक्का म्हणाली.

बाजारात उपलब्ध आहे, असं तुमचं उत्तर होतं. आजही ते माझ्या कानात आहे. उपलब्ध आहे. सराफाकडं सोनंही उपलब्ध असतं.

अक्कानं आवाज चढवला नाही. तिनं तुम्हाला विचारलं की साहेब, तुम्ही कुठं करता चाचणी. तुम्ही म्हणालात, ऑफिसात, दर आठवड्याला. घरच्यांची? त्यांचीही किटं ऑफिसातूनच. मग तिनं विचारलं की त्याचं काय पडतं. तुमचा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता, तो बिचारा साधा माणूस, म्हणून गेला की साहेबांना कशाला पडतील पैसे. तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत की तो गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर तुम्ही पट्टी बघितलीत. दोन रेघा.

"कोण आहे यातली पॉझिटिव्ह?" तुम्ही विचारलंत. "लपवलंत तर पाचही जणींची विडी कामगाराची कार्डं रद्द करायला लावीन."

अक्कानं सांगितलं नाही. सुवर्णानं नाही. अंबूबाई, यादम्मा, दोघींनी जमिनीकडं बघितलं. चौघींना माहीत होतं. चौघींच्या चुली पणाला लागल्या होत्या, आणि अर्ध्या तासापूर्वी मी त्यांना फसवायला निघाले होते, तेही त्यांना माहीत होतं. एकीनं नुसती मान वळवली असती तर तुम्हाला कळलं असतं. एकीचीही वळली नाही.

मी उभी राहिले.

"मी," म्हटलं. "भूदेवी नागेश येमूल. लिहून घ्या. मीच आहे. आजपासून पंधरा दिवस घरात बसते. मला कुणी पकडलेलं नाही, मी स्वतः सांगते आहे. हेही लिहा."

कारकुनानं लिहून घेतलं. तुम्ही ओट्यावरचं उरलेलं किट उचललंत, न फोडलेलं, तेच ते निवडायला म्हणून ठेवलेलं. जप्त, म्हणालात. पाचीजणींची पानं बंद, असं ब्रँचला कळवा म्हणालात. गाडीशी उभं राहून फोटो काढून घेतलात आणि गेलात.

आता त्या चौघी निरोगी आहेत की नाहीत हे कळायला एक किट पाहिजे होतं, आणि सोमवारची खिडकी दुपारी एकला बंद होत होती. हातात काही नव्हतं. मी माझ्या घरात गेले, दार लोटून खिडकीशी बसले. नागेशला बाहेरच्या पत्र्याखाली झोपायला सांगितलं. खिडकीतून मला ओटा दिसत होता. चौघी तशाच बसून होत्या. माझ्यामुळं.

बाराच्या सुमाराला सायकल वाजली. वडनाल मास्तर. पानं घ्यायला गेलेल्या पहिल्या पाचजणींनी त्याला खिडकीशी सगळं सांगितलं होतं. वीस वर्षांत हा माणूस आमच्या ओळीत कधी आला नव्हता. शिव्या खाव्या लागतील म्हणून आला नसेल. तो सायकल लावून अक्काच्या ओट्याखाली उभा राहिला आणि खिशातून एक किट काढलं. कारखान्याचा मालक ब्रँचच्या माणसांना दर आठवड्याला एकेक द्यायचा, फुकट. हे त्याचं.

"चौघीच आहात ना," तो म्हणाला. "पाचवी काडी माझी घ्या."

सुवर्णा म्हणाली, मास्तर, आमच्यात बुडलात तर आयुष्यभराचा छाट व्हाल. मास्तर म्हणाला, होऊ दे. त्यानं मास्क खाली घेतला, काडी नाकात घातली आणि जोरात शिंकला. अक्का म्हणाली, परत घाला, ही कच्ची राहिली. त्यानं मुकाट्यानं परत घातली.

पंधरा मिनिटं मी खिडकीचे गज धरून उभी होते. अक्कानं पट्टी उचलली, उन्हाला धरली आणि माझ्या खिडकीकडं तोंड करून एक बोट वर केलं.

एकच रेघ.

मास्तरनं वही सायकलच्या सीटवर ठेवून चार नावं लिहिली, आणि त्याच कंसात पाचवं, वडनाल. वरचा हुकूम बंदचा आहे, असं अक्कानं त्याला सांगितलं. हुकूम कागदावर येईपर्यंत पानं वळून विड्या झालेल्या असतील, तो म्हणाला. हुकूम पुढं कधी आलाच नाही. आला असता तर त्यात जप्त केलेल्या अडीचशेच्या किटचा विषय निघाला असता.

माझं नाव त्या कंसात नव्हतं. नसायलाच पाहिजे होतं.

संध्याकाळी अक्का माझ्या खिडकीपासून चार पावलांवर येऊन उभी राहिली. आमच्या ओळीत एक रीत आहे, जुनी, आमच्या सासवांच्या वेळची. कुणी बाळंत झाली की सव्वा महिना तिच्या वाट्याच्या विड्या ओळ वळते. प्रत्येकीनं आपल्या मालातले रोज चार कट्टे, म्हणजे शंभर विड्या, बाजूला काढायच्या. बाळंतिणीला पैसे जातात आणि कोणी ते बोलून दाखवत नाही.

"भूदेवी आजपासून बाळंतीण," अक्का सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाली.

सुवर्णानं तिच्या दारातून विचारलं, मुलगा की मुलगी, नाग्याला पेढे तरी वाटायला सांगा. ही सुवर्णा, जिच्या दम्याच्या सासूला मी सकाळी मारायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी अक्काच्या ओट्यावर माझ्या वाट्याचा पहिला कट्टा कुणाचा आला असेल तर तिचा. असा बांधलेला, की वडनाल मास्तरच्या बापालाही त्यात खोड सापडली नसती.

मी पंधरा दिवसांनी बाहेर आले. माझ्या घरात दुसऱ्या कुणाला झालं नाही. साथ ओसरेपर्यंत दर सोमवारी आमच्या ओळीत पाच काड्या, एक कुपी चालू राहिलं. आणखी दोनदा दोन रेघा आल्या. दोन्ही वेळा ती बाई स्वतःच उठून घरात गेली, मला विचारून गेली की पंधरा दिवस वेळ कसा घालवायचा. शेजारच्या तीन ओळी आमच्याकडं शिकायला आल्या. अक्का त्यांना ओट्यावर बसवून शिकवायची, शाळेचं तोंड न बघितलेली बाई, आणि एखादीची काडी वरच्यावर फिरली की लांबूनच ओरडायची. दहा जणी, घरची माणसं धरून सत्तेचाळीस. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस राहिलो. हे नशिबानं झालं असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं आमच्या ओळीत येऊन अक्कासमोर म्हणावं.

मागच्या वर्षी मी माहितीच्या अधिकारात तुमच्या कार्यालयाला अर्ज केला. त्या सोमवारी आमच्या ओट्यावरून जप्त केलेल्या किटचं काय झालं, एवढंच विचारलं. दोन महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं. अशी कोणतीही जप्ती झाल्याची नोंद आढळून येत नाही.

जप्ती नाही. पंचनामा नाही. किट मात्र तुमच्या गाडीतून गेलं, ते साठ डोळ्यांनी बघितलं आहे. अडीचशेचं होतं, दहा बायकांनी मिळून आणलेलं, आत एक काडी, एक कुपी, एक पट्टी.

ती काडी कुणाच्या नाकात गेली, साहेब? नाव सांगा. मी माझं सांगितलं होतं.